जिन्यातला चमचा

मंगळवारी आणि शुक्रवारी, संध्याकाळी सहाला
मी निषादला घेऊन
चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधल्या पायरीवर बसते.
मांडीवर जुना टॉवेल, बाजूला स्टीलची डबी,
डबीत कोमट पाण्यात कालवलेला दाण्याचा कूट,
इतका पातळ की चमच्यात थांबत नाही.

धायरीतल्या आमच्या सोसायटीत
ह्याला आता कुणी हसत नाही.
चिंधडे आजोबा भाजीची पिशवी सावरत
भिंतीला चिकटून वर जातात.
“चालू द्या पंगत,” म्हणतात.

मी जळगावची.
आमच्याकडे भाजीत कूट घातला का
असं कुणी विचारत नाही. विचारतात, किती.
दाणे भाजल्याचा वास आला
की आई घरात आहे असं समजायचं.
आणि मीच सहा वर्षांपूर्वी एका दुपारी
भाजायची कढई, खलबत्ता, बरणी,
सगळं उचलून देऊन टाकलं.
रिकामं फडताळ तीनदा पुसलं.

कारण स्वरदा.
पहिलं वर्षभर तिला आम्ही काय दिलं?
पेज. मऊ भात. परत पेज.
अंडं नको, दाणे नको, पोट नाजूक असतं,
एवढी कसली घाई, सगळेच म्हणाले.
मीही म्हणाले.
तेराव्या महिन्यात कुणीतरी प्रेमानं
चिक्कीचा चुरा बोटावर घेऊन चाटवला
आणि तिचे ओठ
तिचे राहिले नाहीत.
राजाराम पुलाशी रिक्षावाला सिग्नल तोडत होता,
मी तिचे श्वास मोजत होते.
आकडा आठवत नाही. मोजत होते एवढं आठवतं.

“पेजेमुळे झालं का हो?”
डॉक्टर गुंजाळांना मी हे चारदा विचारलंय.
ते दर वेळी चष्मा पुसतात.
“असं एका गोष्टीवर बोट ठेवता येत नाही.
पण धाकट्याच्या वेळी वाट बघत बसायचं नाही.”

म्हणून निषादचा पहिला दाणा त्यांच्याच दवाखान्यात,
ट्रेमध्ये इंजेक्शन तयार,
चमच्याच्या टोकाला नखाएवढा कूट.
त्याच्या पोटावर डास चावल्याचा एक ठिपका होता,
नवऱ्यानं त्याच्याभोवती पेनानं गोल केला,
म्हणजे नवीन काही उठलं तर कळेल.
दोन तास.
मध्ये निषादला शिंक आली,
आम्ही दोघं आणि नर्स, तिघंही उभे राहिलो.
त्यानं चमच्यासाठी हात पुढे केला.

आता कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी
‘तीळ’, ‘अंड्याचं पिवळं’, ‘नाचणी दही’
असं माझ्या गिचमिड अक्षरात.
एका तारखेला ‘बांगडा’.
त्या दिवशी सासूबाई सकाळीच पर्वतीला गेल्या,
अंधार पडल्यावर आल्या,
आणि आल्या आल्या विचारलं, “खाल्ला का?”

दाणे सुरू केलेत तर सोडायचे नाहीत, अशी ताकीद आहे.
आणि घरात डबी उघडायची नाही, ही माझी.
म्हणून हा जिना.

स्वरदा जाळीच्या दाराआड उभी असते.
कमरेला तिची लाल पिशवी, पिशवीत तिचं औषध.
चमचे ती मोजते, मोठ्यानं, पाढ्यासारखे.
“तीन. आई, हनुवटीवर राहिलंय.”

काल मध्येच मोजायची थांबली.
“कसं लागतं गं?”
माझ्या बोटांना वास येत होता,
जळगावच्या दुपारचा, गरम लोखंडाचा,
फुंकर मारून उडवलेल्या सालांचा.
“विसरले,” मी म्हणाले.
तिनं जाळीला नाक लावून माझ्याकडे बघितलं.
ती सात वर्षांची आहे, तिला कळतं.

“बरं,” म्हणाली, “हा बोलायला लागला की ह्यालाच विचारीन.
आता साबणानं तोंड धू त्याचं. दोनदा.
मग आण इकडे.
मला त्याचा पापा घ्यायचाय.”